मदत हवी आहे: वडील ॲलर्जीची गोळी झोपेसाठी घेतात, ती कशी सोडवावी?

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६९ असून ते एसटीत चालक होते. धुळीची ॲलर्जी त्यांना तरुणपणापासून आहे. सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका येतात, नाक गळते आणि डोळे खाजतात. नोकरीत असताना क्लोरफेनिरामाइनच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीने पेंग येते म्हणून ड्यूटीच्या आधी ती घेणे ते कटाक्षाने टाळत. निवृत्तीनंतर झोप उणावली, तेव्हा तोच गुण त्यांना उपयोगी वाटू लागला. आता शिंका असोत वा नसोत, रात्री जेवणानंतर ती गोळी ठरलेलीच असते आणि गेल्या वर्षभरात एकाच्या दोन झाल्या आहेत.

मार्च महिन्यात रात्री लघवीसाठी उठल्यावर तोल जाऊन ते पडले. हाड मोडले नाही, पण तपासणीत प्रोस्टेट वाढल्याचे आणि लघवी पूर्ण होत नसल्याचे आढळले. डॉक्टरांनी समजावले की जुन्या पिढीतील ही औषधे मेंदूत सहज शिरतात आणि आपल्याला जागे ठेवणाऱ्या हिस्टामिनचे काम तिथेच अडवतात, म्हणून गुंगी येते. शिवाय ती ॲसिटिलकोलिन या नसांचे निरोप पोहोचवणाऱ्या रसायनालाही अडवत असल्यामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही आणि उतारवयात गोंधळ उडण्याची व पडण्याची भीती वाढते. झोप आणण्याचा गुण तर रोज घेतल्याने लवकरच ओसरतो, असेही त्यांनी सांगितले. गोळ्या एकाच्या दोन का झाल्या, हे मला तेव्हा कळले. वडिलांचे कोरडे तोंड आणि पोटाची तक्रार मी इतके दिवस वयाच्या खात्यावर टाकत होते, याचे फार वाईट वाटले.

डॉक्टरांनी ती गोळी बंद करून सकाळी फेक्सोफेनाडिन १२० मिलिग्रॅम आणि नाकात मारायचा फ्लुटिकासोनचा फवारा दिला. (सुरुवातीला वडील ही गोळी मोसंबीच्या रसाबरोबर घेत, फळांच्या रसामुळे ती शरीरात कमी शोषली जाते हे समजल्यापासून पाण्याबरोबरच देते.) शिंका जवळजवळ थांबल्या, रात्री नाक चोंदणेही कमी झाले. झोप मात्र गेली. ते दोन वाजेपर्यंत कूस बदलत राहतात. ‘जिने गुंगी येत नाही ती गोळी लागू पडलीच नाही,’ अशी त्यांची पक्की समजूत आहे आणि गेल्या आठवड्यात त्यांनी दुकानातून जुन्या गोळ्यांची पट्टी स्वतःच आणली.

डॉक्टरांची पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. हवे तर ती अलीकडे घेईन. त्यांना विचारल्याशिवाय औषधात कोणताही बदल करणार नाही. तरीही ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी आणि येथील डॉक्टर व औषधनिर्मात्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. इतक्या वर्षांची सवय एकदम मोडल्यावर काही दिवस झोप उडणे अपेक्षित आहे का, की मात्रा हळूहळू कमी करायला हवी होती? शेजारच्या काकू रात्री सेटिरिझिन द्यायला सुचवतात. ते नव्या पिढीतील असले तरी काहींना त्यानेही सुस्ती येते, आणि मूत्रपिंडाचे काम कमी असल्यास त्याची मात्रा घटवावी लागते, असे मी वाचले आहे. वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) थोडे वाढलेले असल्याने तो मार्ग मला पटत नाही. माझी ही शंका योग्य आहे का?

दुपारी जेवणानंतर ते दोन तास झोपतात आणि संध्याकाळी सातला पुन्हा चहा घेतात. आधी यांपैकी काय बदलावे? आणि ज्यांनी आयुष्यभर गाडीच्या चाकामागे झोपेशी झुंज दिली, त्यांना गुंगी आणि झोप यांतला फरक कोणत्या शब्दांत सांगितला तर पटेल?