मदत हवी आहे: पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात, सिस्टरच्या हातून?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, चौतिसावा आठवडा. बाळाचं डोकं खाली, बीपी ठीक, हिमोग्लोबिन ९.४. खाजगी डॉक्टर आत्तापासूनच ‘सीझरची तयारी ठेवा’ म्हणतात. कारण विचारलं तर ‘बघू’. म्हणून सरकारी रुग्णालयात चौकशी केली. तिथं सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण सिस्टरच करतात, अडलं तर डॉक्टर. हे ऐकून आई बिथरली: “मग सुईणीत न् तिच्यात फरक काय?”

गंमत म्हणजे आमची आजीच गावची सुईण. कापसाच्या वावरातून तिला बोलावून न्यायचे. ब्लेड, दोरा उकळून घ्यायची. पण रक्त थांबलं नाही तर हातात काही नसायचं, हे तीच सांगते. आणि तरी तिचं पालुपद एकच: “घाई नका करा वं, कळा येऊ द्या.”

केंद्राने २०१८ मध्ये मिडवायफरीच्या (म्हणजे प्रशिक्षित नर्सने बाळंतपण करण्याच्या) मार्गदर्शक सूचना काढल्या, नर्सना त्यासाठी १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आहे, असं वाचलं. अशी सिस्टर आपल्याकडे मिळेल का? आणि नसेल तर साध्या सिस्टरवर विसंबावं का?

प्रतिसाद १
दादा, मी एएनएम (सरकारी आरोग्यसेविका) आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. ते प्रशिक्षण घेतलेली कोणी आहे का, हे लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरलाच विचारा. नसली तरी घाबरू नका. आम्ही कळा आणि बाळाचे ठोके पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणाऱ्या तक्त्यावर मांडतो, रेषा चुकली की डॉक्टरला बोलावतो. बाळ बाहेर आलं की लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. तुमच्या आजीकडे नेमकं हेच नव्हतं.

विचारायचं ते वेगळंच: रात्री सीझर होतं का? भूलतज्ज्ञ येतात का? रक्त कुठून आणतात? उत्तर गुळमुळीत आलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी नाव घाला. सरकारीत सीझर, रक्त, १०२ची गाडी, सगळं मोफत असतं.

आणि ९.४ कमी आहे हो! आयर्नच्या गोळ्या घेते ना? चहासोबत नको. दादर ज्वारीची भाकरी-मेथी खाऊ द्या, पण गोळी सोडायची नाही. पुन्हा तपासून घ्या.

धागाकर्ता
आभारी आहे ताई. आत्ताच विचारलं. शी काळी होते म्हणून पंधरा दिवस गोळ्या बंद होत्या. आजीने ऐकलं, आता रोज तीच समोर बसून देणार आहे.