मदत हवी आहे : भूसंपादनाविना रस्त्यात गेलेली जमीन

आमच्या वडिलोपार्जित शेतातून सुमारे चाळीस वर्षांपूर्वी रस्ता काढण्यात आला. मात्र सातबारा आजही आमच्याच नावावर असून भूसंपादनाचा निवाडा किंवा मोबदल्याची नोंद कोठेही आढळत नाही. आजोबांची तोंडी संमती होती, एवढेच संबंधित कार्यालय सांगते (तेही तोंडीच!).

हिमाचल प्रदेशात १९६७-६८ साली नादौन-सुजानपूर रस्त्यासाठी जमीन गेलेल्या एका वृद्ध विधवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तोंडी संमती, विलंब आणि प्रतिकूल कब्जा (दीर्घकाळ ताबा असल्याने मालकी मिळाल्याचा दावा) हे राज्याचे तिन्ही बचाव फेटाळून मोबदला देण्याचा आदेश दिला होता. त्या आधारे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी, की आधी मोजणी करून घ्यावी, याबाबत अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.