जुन्या माइकमधील भुगा झालेला फोम आणि कडक झालेले रबर: दुरुस्तीसाठी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, ठाण्याच्या खारकर आळीत मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. ते गेल्यानंतर घर रिकामे करताना माळ्यावरच्या लाकडी पेटीत त्यांचे दोन माइक मिळाले. ते दोन्ही पुन्हा बोलते व्हावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत असे; मला सोल्डरिंग येते, मल्टिमीटर वापरता येतो, परंतु माइकच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या आतल्या भागाला, मी आजवर कधी हात लावलेला नाही. माझ्या घाईमुळे जे आज दुरुस्त होऊ शकते ते कायमचे बिघडू नये, म्हणून जाणकारांना आधी विचारत आहे.

पहिला माइक शुअर कंपनीचा 55एस आहे. क्रोमच्या उभ्या पट्ट्यांची जाळी असलेला हा माइक जुन्या सभांच्या छायाचित्रांत अनेकांनी पाहिला असेल. मूळचा मोठा 55 हा 1939 सालचा. एकाच कॅप्सूलच्या साह्याने समोरचा आवाज घ्यायचा आणि मागचा टाळायचा, हे डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या कॉइलवर चालणाऱ्या) माइकमध्ये बेंजामिन बाउअर या अभियंत्याने प्रथम त्यात साधले. 55एस ही त्याची 1951 पासूनची लहान आवृत्ती. अण्णांनी तो वापरलेलाच विकत घेतला होता आणि गणेशोत्सवातल्या व्याख्यानांखेरीज इतरत्र ते तो सहसा नेत नसत. एखादा वक्ता माइकमध्ये फुंकर मारू लागला की ते मंडपाच्या कडेने लगबगीने पुढे येत आणि "बोलून पाहा, फुंकू नका," असे हात जोडून सांगत. आतला पडदा किती नाजूक असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

स्क्रू काढून जाळी उघडली तेव्हा आतील अस्तराचा फोम बोटाला चिकटला आणि लगेच त्याचा भुगा पडला. (मूळचे कापड काढून हा फोम अण्णांनीच कधीतरी बसवला असावा.) काही भुगा कॅप्सूलच्या तोंडावर बसला आहे. कॅप्सूल ज्या रबरावर तोललेली आहे ते रबर दगडासारखे कडक झाले असून त्याला चिरा गेल्या आहेत. आतल्या तारांवरचे रबरी आवरणही वाकवताच तुटते. मागच्या बाजूस एल, एम आणि एच (कमी, मध्यम आणि जास्त विद्युत रोधाच्या जोडणीसाठी) अशा तीन स्थानांची कळ आहे. कनेक्टरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला असता एलवर 8 ओहम, एमवर 19 ओहम आणि एचवर दीड हजारांहून थोडे अधिक ओहम दिसले, त्यामुळे कॉइल शाबूत असावी असे मी समजत आहे. तात्पुरती केबल जोडून ऐकले तेव्हा आवाज आला, पण अगदी क्षीण आणि पातळ. मोठ्याने बोलल्यास त्यात खरखर मिसळते आणि स्टँडला नुसता धक्का लागला तरी कर्ण्यातून धाडकन आवाज येतो.

दुसरा माइक टेबलावर ठेवण्याचा, क्रिस्टल जातीचा आहे. त्यातून काहीच ऐकू येत नाही. पावसाळ्याची हवा लागू नये म्हणून सध्या तो झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला आहे.

एका दुकानात दोन्ही माइक दाखवले. "आतले सगळे काढून टाका, नवी कॅप्सूल बसवून देतो, बाहेरून कोणाला कळणारही नाही," असे तिथे सांगण्यात आले. बाहेरून कळणार नाही हे खरे, परंतु मला अण्णांच्या माइकचा तोच आवाज हवा आहे. आतले शक्य तेवढे मूळ भाग राखून केवळ खराब झालेलेच बदलता येतील का? फोमऐवजी कोणताही स्पंज चालतो का? कडक रबराच्या जागी सिलिकॉन सीलंट भरावे असे एकाने सुचवले, ते योग्य आहे का? आणि क्रिस्टल माइकमध्ये काही जीव उरला आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी ऐरोलीत राहतो आणि जुने माइक दुरुस्त करतो. आपण ते दुकानातून परत आणलेत हे फार बरे केलेत. सर्वांत आधी क्रिस्टल माइक त्या डब्यातून बाहेर काढा. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेटचा असतो आणि पाण्याचे रेणू हा त्याच्या रचनेचाच भाग असतो. दमट हवेत तो पाणी शोषून विरघळू लागतो हे खरे, पण फार कोरड्या हवेत स्वतःचे पाणी गमावूनही तो निकामी होतो. सुमारे 55 अंश सेल्सिअसच्या वर तर तो कायमचा जातो, म्हणून उन्हात उभ्या गाडीत हा माइक कधीही ठेवू नये. सिलिका जेल डायनॅमिक माइकसाठी उत्तम, याच्यासाठी नव्हे.

हा स्फटिक विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे तो ओहमवर न तपासता कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर तपासा. एक-दोन नॅनोफॅरड किंवा थोडे अधिक दिसले तर आशा आहे. जवळजवळ शून्य दिसले तर स्फटिक किंवा त्याची जोडणी तुटलेली आहे. मात्र निर्णय देण्यापूर्वी तो कशाला जोडून ऐकलात तेही पाहा. याला एक ते पाच मेगाओहमचा इनपुट लागतो. आजच्या मिक्सरच्या माइक इनपुटला जोडल्यास खालचे स्वर जवळपास नाहीसे होतात आणि चांगला माइकही मेल्यासारखा वाटतो. स्फटिक खरोखरच गेला असेल तर तो पुन्हा जिवंत करता येत नाही. त्या जागी पिएझो सिरॅमिकचे कार्ट्रिज बसवावे आणि जुने जपून ठेवावे.

आता 55एस. पिनांवर आपल्याला दिसलेले आकडे कॉइलचे नाहीत. कळ जिथे जोडलेली असते त्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा तो रोध आहे. तेवढ्यावरून ट्रान्सफॉर्मर ठीक आहे इतकेच म्हणता येते. कॉइल तपासण्यासाठी कॅप्सूलच्या दोन तारांपैकी एक सोडवून थेट तिच्या टोकांवर मीटर क्षणभर टेकवा. आकडा तर दिसेलच, शिवाय कॅप्सूल कानाशी धरल्यास बारीक "टक्" ऐकू येईल. तो आवाज आला तर कॉइल तुटलेली नाही आणि पडदा हलतो आहे.

भुगा काढताना कॅप्सूलचे तोंड खाली धरा आणि मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झटका. फुंकर, हवेचा डबा, व्हॅक्यूम क्लीनर, स्पिरिट, थिनर यांपैकी काहीही पडद्याजवळ नको. लोहचुंबकाने ओढून घेतलेले लोखंडाचे कण दिसल्यास चिकटपट्टी टोकाशी दुमडून तिने अलगद उचला. खरखर बहुधा अशाच कणांमुळे आहे. क्रोमची जाळी स्टील वूलने घासण्याचा मोह कृपया टाळा, कारण त्याचे तंतू थेट कॅप्सूलमध्ये जाऊन बसतात.

आता मुख्य सावधगिरी. जाळीच्या आतला फोम हवेचा झोत आणि थुंकी अडवण्यापुरता असतो, तो बेलाशक बदला. पॉलिएस्टर जातीचा फोम हवेतल्या बाष्पामुळे विघटित होऊन असाच चिकट होतो, म्हणून पॉलिइथर जातीचा, खुल्या छिद्रांचा, ज्यातून सहज फुंकर जाते असा पातळ फोम घ्या. परंतु कॅप्सूलच्या आत किंवा तिच्या मागच्या छिद्रांवर रेशमी कापड वा नमदा दिसला तर त्याला हात लावू नका. मागून येणारा आवाज त्या कापडातून ठराविक विलंबाने पडद्यापर्यंत पोहोचतो आणि समोरून पडलेल्या त्याच आवाजाला खोडून काढतो. बाउअर यांची सारी करामत त्यात आहे. ते कापड बदलले किंवा भुग्याने बुजले की माइकचा स्वभाव बदलतो. आवाज पातळ होण्याचे एक कारण तेही असू शकते.

सिलिकॉन सीलंट भरू नका. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सीलंटमधून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडते आणि ते तांब्याच्या बारीक तारेला खाते. शिवाय सीलंटने कॅप्सूल कायमची चिकटते. मशीद स्टेशनाजवळ नागदेवी स्ट्रीटवर सिलिकॉन रबराची शीट मिळते. जुन्या रबराचा आकार कागदावर उतरवून तीतून कापा. तारा बदलताना कॅप्सूलकडच्या दोन तारा मऊ, बहुतारी आणि किंचित सैल ठेवा, अन्यथा स्टँडचे धक्के त्यांच्यातूनच आत जातील. आणि सध्याच्या मिक्सरला लावताना कळ एमवर ठेवा व फँटम पॉवर (मिक्सर केबलमधून माइकला पाठवतो ती वीज) बंद करा. जुन्या जोडणीत एक टोक अर्थला जोडलेले असल्यास तो प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून वाहू शकतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण एवढ्या आपुलकीने सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तीन संध्याकाळी खर्च करून काम केले. कॅप्सूलमधून "टक्" स्पष्ट ऐकू आले, तेव्हा मला भरून आले. पडद्याच्या कडेला दोन लोखंडी कण होते, ते चिकटपट्टीने निघाले. मागच्या कापडावर फोमचा चिकट थर बसला होता. कापडाला धक्का न लावता तो चिमट्याने भिंगाखाली थोडा थोडा उचलला. आता आवाज भरदार झाला आहे आणि खरखर पूर्ण थांबली आहे. माइकच्या मागे उभे राहून बोलले असता आवाज स्पष्टपणे कमी येतो, म्हणजे त्याचा स्वभावही शाबूत आहे.

क्रिस्टल माइकचा कपॅसिटन्स मात्र शून्याजवळ आला. तारांची जोडणी तपासली, ती ठीक आहे. आपण सांगितल्याप्रमाणे सिरॅमिक कार्ट्रिज बसवेन आणि जुने कार्ट्रिज नाव लिहून पेटीत ठेवेन.

एकच अडचण उरली आहे. स्टँडचा धक्का पूर्वीइतका नसला तरी अजून ऐकू येतो. मी 3 मिलिमीटर जाडीची शीट वापरली असून ती बोटाने दाबल्यास फारशी दबत नाही.

प्रतिसाद

मग शीट कठीण आहे, ताई. दुकानात शोअर ए (रबराचा कठीणपणा मोजण्याचे माप) 20 च्या आसपासची मागा; नेहमी मिळणारी बहुधा 50 किंवा 60 ची असते आणि एवढ्या हलक्या कॅप्सूलखाली ती दबतच नाही. जाडी तीच ठेवा, कापण्याचा साचा तोच चालेल. बसवल्यावर कॅप्सूल बोटाने किंचित ढकलून पाहा. ती हलून सावकाश जागेवर आली आणि जाळीला कुठेही टेकली नाही, तर धक्का जाईल.