कुटुंब निवृत्तीवेतन, दिव्यांग मुलगा आणि रिटर्न

वेंगुर्लेकरीण: आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आता मला कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, 2025-26 मध्ये 3,36,000 रुपये. ठेवींचं व्याज 90,000, त्यातून बँकेने टीडीएस (आगाऊ कर) कापलाय. घरच्या कलमांचे आंबे विकून 40,000. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रावर) 80 टक्के. रिटर्न भरून देणारा म्हणतो, पेन्शनवर 75,000 स्टँडर्ड वजावट, वर मुलाचे सव्वा लाख. खरं का?

जुना लेखनिक, मालवण: ताई, त्याने दोन गोष्टींचा काला केलाय. स्टँडर्ड वजावट नवऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनला होती. तुमचं उत्पन्न 'इतर स्रोतां'त जातं. तिथे नव्या करपद्धतीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा 25,000, जे कमी ते वजा. जुन्या पद्धतीत 15,000च. मुलाचे सव्वा लाख (कलम 80डीडी) खरे, पण फक्त जुन्या पद्धतीत. आणि तुम्हाला त्यांची गरजच नाही! नव्या पद्धतीत पेन्शनचे 3,11,000 आणि व्याजाचे 90,000 मिळून 4,01,000 उरतात. 12 लाखांपर्यंत रिबेटने (करातल्या सवलतीने) कर शून्य.

पण रिटर्न भराच, नाहीतर कापलेला टीडीएस परत कसा येणार? आंब्याचं उत्पन्न करमुक्त असलं तरी 5,000च्या वर गेलं की 'सहज' (आयटीआर-1) हा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-2 लागतो. आपल्याकडे चार कलमं असली तरी कुणी ते दाखवत नाही, ती गोष्ट निराळी.

कुडाळचो: माझो भाव लष्करात होतो. सेवेत पाय निकामी झालो म्हणान घरी धाडल्यानी. तेचा अपंगत्वाचा पेन्शन सगळा करमुक्त आसा. ताईंचा तसा नाय काय?

जुना लेखनिक, मालवण: नाही रे. ती सवलत सैन्यातल्यांना. मास्तरांच्या कुटुंबाला नाही.

वेंगुर्लेकरीण: म्हणजे मुलाचं कार्ड काहीच कामाचं नाही?

जुना लेखनिक, मालवण: करासाठी नाही, पण त्याहून मोठ्या कामाचं आहे. कमावता न येणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं. जिथून तुमची पेन्शन येते तिथे त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आत्ताच नोंदवा, पोचपावती घ्या. त्याच्या पालकत्वाचंही विचारून ठेवा. रिटर्नला 31 जुलैपर्यंत वेळ आहे, आधी हे करा.