युद्धानंतरचं ब्रिटन: सगळं खरंच १९७९ लाच बदललं का?

वाचनखुळा:
मंडळी, एक शंका. १९४५ नंतरच्या ब्रिटनवर वाचतोय आणि जिकडेतिकडे एकच गोष्ट, मजूर पक्षाचे ॲटली पंतप्रधान झाले, खाणी-रेल्वे सरकारी झाल्या, १९४८ ला एनएचएस, म्हणजे सर्वांना मोफत सरकारी आरोग्यसेवा आली, मग तीस वर्षं मजूर आणि हुजूर दोघंही थोड्याफार फरकानं तेच रेटत राहिले आणि १९७९ ला हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंनी पंतप्रधान म्हणून येऊन सगळं मोडलं. त्यात मधेच कोणीतरी पोस्टमॉडर्न काळ म्हणतं आणि पुढे निघून जातं. म्हणजे नेमकं काय? इमारती नि पंक संगीत एवढंच, की साध्या माणसाच्या जगण्यातही काही हललं? फ्रेंच तत्त्वज्ञांची नावं फेकून मारू नका प्लीज.

चौथा मजला:
इमारतींना 'एवढंच' म्हणू नका हो, तिथेच तर सगळी मेख आहे. तेव्हा ब्रिटनमधलं साधारण तीनातलं एक घर कौन्सिलचं (म्हणजे स्थानिक नगरपालिकेनं भाड्यानं दिलेलं), म्हणजे सरकारशी लोकांचा रोजचा संबंध घरातूनच. आणि हे नुसतं मजूर पक्षाचं खूळ नव्हतं, हुजूर पक्षाचे तेव्हाचे घरबांधणी मंत्री मॅकमिलन यांनी वर्षाला ३ लाख घरं बांधू म्हटलं आणि १९५३ ला करूनही दाखवलं. मग १९५६ ला कायदा झाला, जितके मजले जास्त तितकं अनुदान जास्त. आता असं म्हटल्यावर कुठलं कौन्सिल बुटकी इमारत बांधेल? आख्ख्या भिंती कारखान्यात ओतायच्या आणि क्रेननं एकावर एक रचत जायच्या.

१६ मे १९६८, पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने. अठराव्या मजल्यावर पहाटे एका बाईंनी चहासाठी काडी ओढली, गॅस साठलेला होता, स्फोट झाला. तसा स्फोट फार मोठा नव्हता, बाई स्वतः वाचल्या. पण कोपऱ्याची भिंत बाहेर उडाली, वरच्या मजल्यांचा आधारच गेला, ते खाली आले आणि त्यांच्या भारानं खालचेही, असा एक कोपरा वरपासून खालपर्यंत सोलून निघाला. ४ माणसं गेली. लोक बेडरूममध्ये झोपलेले होते आणि कोसळल्या त्या मुख्यतः बैठकीच्या खोल्या, नाहीतर आकडा कुठल्या कुठे गेला असता. १९८६ ला इमारत उतरवली तेव्हा सांध्यांत वर्तमानपत्राचे बोळे निघाले!!

वरच्या साहेबांना कळतं, ते आपलं भलंच करतील, उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा असेल, हा भरवसा सुटणं म्हणजेच पोस्टमॉडर्न, माझ्यापुरतं तरी. नंतर १९८४ ला प्रिन्स चार्ल्सनी नॅशनल गॅलरीच्या नव्या विंगच्या डिझाइनला गळू म्हटलं ते गाजलं, पण सामान्य माणसाचा मूड त्याच्या कितीतरी आधी बदलला होता.

तिरपागडे:
घरांचं मान्य, पण १९७९ ही तारीख मला पटत नाही. पैशाच्या बाजूनं बघाल तर १९७६, मजूर पक्षाचंच सरकार, पौंड गडगडलेला, आयएमएफकडून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) ३९० कोटी डॉलरचं कर्ज मागायची पाळी आली आणि सरकारी खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडता येत नाही हे पक्षाच्या अधिवेशनात खुद्द पंतप्रधान कॅलहननीच सुनावलं. थॅचरबाईंनी उघड्या दारातून आत पाऊल टाकलं इतकंच.

आणि समाजाच्या बाजूनं बघाल तर तेही आधीच. फाशी १९६५ ला थांबली, गर्भपात आणि समलैंगिक संबंध दोन्ही कायदे १९६७ चे (दुसरा फक्त इंग्लंड-वेल्सपुरता, स्कॉटलंडला १९८० आणि उत्तर आयर्लंडला १९८२ उजाडलं, हे लोक कायम विसरतात). गंमत म्हणजे खासदार म्हणून थॅचरबाईंनी दोन्हींच्या बाजूनं मत दिलं होतं, आणि त्यांच्याच सरकारनं १९८८ ला समलैंगिकतेचा 'प्रचार' करायला कौन्सिलांना बंदी घालणारं कलम २८ आणलं.

ऊनपाऊस:
दोघांच्याही गोष्टीत बाहेरून आलेली माणसं कुठायत? १९६८ ला हुजूर पक्षाचा खासदार इनॉक पॉवेल स्थलांतरितांविरुद्ध बोलला आणि लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूनं मोर्चा घेऊन निघाले, म्हणजे युनियनवाले कामगार, मजूर पक्षाचे हक्काचे मतदार! आणि आठच वर्षांनी वायव्य लंडनमध्ये ग्रनविक या फिल्म धुणाऱ्या कंपनीत जयाबेन देसाई संपावर गेल्या, संपकऱ्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या साडीतल्या बायका, आणि त्यांच्यासाठी यॉर्कशायरचे खाणकामगार पिकेटवर, म्हणजे कंपनीच्या दारावरच्या निदर्शनांत आले, क्रिकलवुडच्या पोस्टमननी कंपनीची टपाल हाताळायलाच नकार दिला. दोन वर्षांनी संप हरला तो हरलाच, पण कामगार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा टोपीवाला गोरा माणूस हे चित्र तिथून पुढे टिकलं नाही.

वाचनखुळा:
भारी! पण मग थॅचरबाईंनी नवीन असं केलं तरी काय?

चौथा मजला:
परत घरंच :) १९८० चा कायदा, तीन वर्षं भाडेकरू असाल तर राहतं कौन्सिलचं घर ३३ टक्के सवलतीत विकत घ्या, जुन्या भाडेकरूला ५० टक्क्यांपर्यंत. दहा वर्षांत दहा लाखांच्या आसपास घरं गेली. लोकांना फसवलं वगैरे मी म्हणणार नाही, दाराला आपल्या आवडीचा रंग लावायचा तरी कौन्सिलला विचारावं लागायचं, त्यातून सुटका कोणाला नको असते? मजूर पक्षानं आधी विरोध केला, मग आपलेच मतदार घरं घेतायत म्हटल्यावर गुपचूप सोडून दिला. खरी गोम पुढे आहे. विक्रीतून आलेल्या पैशातला बराचसा भाग नवीन घरांवर खर्च करायला कौन्सिलांना सरकारनं मनाई केली, आणि विकली गेली ती जास्त करून बागवाली घरं, टॉवरमधल्या फ्लॅटना गिऱ्हाईकच मिळेना. त्यामुळे ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता ते तेवढे वरच्या मजल्यांवर राहिले.