'बाबा येला आणि जाला': हसायचं की दुरुस्त करायचं?

पाटावरवंटा
मुलांच्या गमतींच्या धाग्यावर काल एरंडेल यांनी पिंक टाकली : "निम्मे किस्से आईबापांनी रचलेले असतात. उरलेल्या निम्म्यांत पोराची भाषा चुकत असते आणि घरचे ती दुरुस्त करायची सोडून दात काढत बसतात." तिथेच उत्तर दिलं असतं तर बाकीच्यांच्या किश्शांचा विचका झाला असता, म्हणून हा वेगळा धागा.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. परवा नवरा निघाला, किल्ली विसरली म्हणून परत आला, पुन्हा गेला. चिरंजीव दारातून ओरडले, "आई, बाबा येला! आणि परत जाला!" सासूबाई एवढ्या हसल्या की ठसका लागला.

आता काका, हा 'येला' त्याला शिकवला कोणी? आमच्या घरात कोणी असं बोलत नाही. त्याने बसला, उठला, पडला, चालला ऐकलं आणि मनातल्या मनात नियम बसवला : शब्दाच्या शेपटाला 'ला' लावायचा. नियम बरोबरच आहे. आला, गेला, केला, प्यायला असली आडमुठी रूपं आपण बाळगून आहोत, त्यात त्याचा काय दोष? जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली हेच दाखवलं होतं. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं, हा 'वग'. आता दोन झाले, दोन काय? पोरं म्हणाली, 'वग्ज'. जन्मात न ऐकलेला शब्द! म्हणजे पोपटपंची नाही, डोकं चालतंय. इंग्रजी मुलं 'वेंट'च्या जागी 'गोएड' म्हणतात, आपल्या कानाला ते 'गोड'च ऐकू येईल.

आणि दुरुस्त मीही करते. "हो रे, बाबा आला आणि परत गेला," एवढंच म्हणते. छडी घेऊन बसत नाही.

एरंडेल
पोरगं 'येला' म्हणालं तर त्याचा पाणिनी केलात! अभिनंदन.
माझा पुतण्या 'र'ला 'ल' म्हणायचा. घरात सगळ्यांना केवढं कौतुक! पाहुणे आले की 'बाळा, लामलक्षा म्हणून दाखव'. सहावीपर्यंत तसंच. वर्गात पोरांनी 'लामभाऊ' नाव पाडलं. शेवटी वर्षभर वाचा-उपचाराला न्यावं लागलं, तिथल्या बाई म्हणाल्या, दोन-तीन वर्षं आधी आणायला हवं होतं. तेव्हा दात काढणारे सगळे पाहुणे गायब. तुमची ती बर्कोबाई फी भरायला आली नव्हती.

पाटावरवंटा
पुतण्याचं वाईट वाटलं, खरंच. पण उच्चार न जमणं वेगळं आणि नियम जास्तच जमणं वेगळं. 'र' उशिराच येतो, पाच-सहा वर्षांपर्यंत वाट बघतात. त्यानंतरही दाखवलं नाही ही घरच्यांची चूक, हसण्याची नाही.

गोंयकारीण
बाबा येला आणि जाला? आमच्या कोंकणीत 'जालो' म्हणजे झाला. कोणाला झाला हो?

मातृभाषाप्रेमी
'येला' तरी मराठी आहे. आमच्या सोसायटीत आया पोरांना 'बॅनाना फिनिश कर' म्हणतात. त्यावर धागा काढा आधी.

हातचा एक
त्यावर अकरा धागे आहेत, तुमचेच.
माझी मुलगी दुसरीत. आजोबा ५९ वर बोट ठेवून विचारत होते, ती म्हणाली 'पन्नास नऊ'. आजोबांनी टपली मारली, "एकोणसाठ म्हण." तर म्हणते, "आजोबा, साठ अजून आलेच नाहीत, त्यांचं नाव आत्तापासून कशाला घ्यायचं?" सांगा, हिला दुरुस्त कसं करू?

झोपा केला
आलं, २०१९ चं भूत आलं! दुसरीच्या गणितात बालभारतीने 'वीस एक, वीस दोन' घुसवलं तेव्हाच ओरडून सांगत होतो. आता सत्तावीसला 'वीस सात'. पाढे म्हणून बघा एकदा : तीन नवे वीस सात. आहे का लय? आमच्या गुरुजींनी पावकी-निमकीसुद्धा तालावर म्हणून घेतली, आजही भाजीवाल्याचा हिशोब तोंडी करतो.

हातचा एक
जुने शब्द रद्द केलेच नव्हते, दोन्ही दिले होते. पुस्तक उघडून न बघता तेव्हाही बोंब मारलीत, आत्ताही. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर, त्यांचं म्हणणं साधं होतं : लिहिताना दोन आधी, बोलताना पाच आधी. 'पंचवीस' ऐकून पोरं ५२ लिहितात. त्यात जोडाक्षरं. त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर सहा वर्षांच्या तोंडाने म्हणून बघा.

झोपा केला
आम्ही सहा वर्षांचे नव्हतो का? आम्ही म्हटलं.

चादर सोलापुरी
म्हटलं, आणि किती मार खाल्ला ते पण लिहा की राव. मी खाल्लाय. आमच्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू, पलीकडे कन्नड. ती पोरं घरात 'इरवै ओकटि', 'इप्पत्तोंदु' म्हणायची, वीस-एकच ते. शाळेत मराठीत अडायची आणि गुरुजी म्हणायचे, गणित कच्चं! गणित नव्हतं कच्चं.

नेकारकाठी
गेली नऊ वर्षं स्टुटगार्टला आहे. जर्मनमध्येही पंचवीस म्हणजे 'पाच-आणि-वीस'. माझ्या लेकीला मराठी आणि जर्मन दोन्हीकडे एकच उलटी सवय, अडखळते ती इंग्रजीत. इथले लोक फोन नंबर सांगताना गोंधळतात, पण म्हणून देश बुडाला नाही.

झोपा केला
धन्यवाद! जर्मनांना चालतं, आपल्यालाच लाज.

हातचा एक
जर्मन पोरांनाही ते जडच जातं, एवढंच कळलं यातून. वाचता येतं ना? की ५२ ला २५?

झोपा केला
वैयक्तिक होऊ नका. माझं वय तुमच्या वडिलांएवढं असेल.

हातचा एक
पन्नास नऊ का?

पाटावरवंटा
अहो, पुरे! धागा माझ्या पोराचा होता. पण एक सांगते, तुमचं भांडण माझ्याच मुद्द्यावर येतंय. शेजारचा पहिलीतला मुलगा काल ९९ ला 'एकोणशंभर' म्हणाला. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत नीट म्हटलं, मग एकोणशंभरच यायला हवं ना? नव्व्याण्णव मध्येच कुठून उगवलं? त्याला एकोण म्हणजे 'एक कमी' हे न सांगता कळलंय. टपली मारून घ्यायची असेल तर भाषेने घ्यावी.

एरंडेल
एकोणशंभर चांगलं आहे. हे मी मान्य करतोय असं समजू नका, नुसतं चांगलं आहे म्हणालो.

गोंयकारीण
आणि मोठ्यांचं काय? गणपतीत ठणाणा 'फळीवर वंदना' म्हणणारे कितीजण? शब्द 'फणिवरबंधना' आहे. विठ्ठलाच्या आरतीत कुरवंड्यांच्या सुरवंट्या करतात. तिथे कोणी दुरुस्त करायला उठत नाही, आरतीचं ताट हातात असतं म्हणून.

एरंडेल
मी पन्नाशीपर्यंत फळीवरच म्हणत होतो. आमचे देव फळीवरच होते, त्यामुळे कधी शंकाच आली नाही. झालं समाधान?

बरं, आता लिहितोच. नात तीन वर्षांची. काल माझ्या टाळूवरून हात फिरवून म्हणाली, "आजोबा, तुमचे केस कुठे जाले?" मी म्हटलं, "जाले नाही, गेले म्हण." विचार करून म्हणाली, "बरं. गेले कुठे जाले?"
दुरुस्त केलं होतं हं. नोंद असावी.

हातचा एक
हा नक्की रचलेला.