अनुभव हवेत: शब्दाला दर आणि न मोजलेला वेळ

कंटेंट मिलसाठी (म्हणजे शब्दाच्या किंवा लेखाच्या दरानं स्वस्तात, ढिगानं लेख लिहून घेणाऱ्या संस्थांसाठी) लिहिलेल्या, अजून लिहीत असलेल्या आणि कानाला खडा लावून बाहेर पडलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. शब्दाला किती मिळाले ते लिहाच, पण दरात न धरलेला वेळ कुठे गेला तेही लिहा. संस्थांची नावं मात्र नकोत, बऱ्याच जणांचे पैसे अजून अडकलेत.

सुरुवात माझ्यापासून. पाचशे शब्दांचा लेख मी तासाभरात लिहायचे, म्हणून कमाईचा हिशेबही तासाचाच धरायचे. एकदा महिनाभर वहीत वेळ टिपला. चौदा पानी सूचना वाचणं, माहिती शोधणं, लेख, मग मथळा, उपमथळे, मेटा वर्णन (शोधयंत्रात लिंकखाली दिसतो तो छोटा सारांश), दोन फोटो शोधून त्यांच्या ओळी, सगळं त्यांच्या सिस्टीममध्ये चढवणं, शेरे आले की दुरुस्ती, की पुन्हा चढवणं. लेखामागे पावणेतीन तास! मथळा आणि मेटा शब्दमोजणीत धरत नाहीत हे चौदाव्या पानावर तळाला लिहिलं होतं. याला गिरणी कशाला म्हणतात कोण जाणे. गिरणीचा भोंगा निदान पाळी संपल्याचं तरी सांगायचा.

*

माझी गादी ऐका. कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधतात तो शब्दसमूह, होता ‘सर्वोत्तम गादी पाठदुखी’. लेखात सात वेळा, जसाच्या तसा, शब्द न हलवता. ‘पाठदुखीसाठी सर्वोत्तम गादी’ लिहिलं तर कीवर्ड मोजणारं त्यांचं टूल लाल दिवा दाखवायचं, कारण ‘साठी’ लागला की कीवर्ड मोडला. म्हणजे मराठी लिहायचं, पण विभक्ती न लावता. दीड तास वाक्यं फिरवत बसलो. शेवटी ‘सर्वोत्तम गादी, पाठदुखी आणि झोप’ असं स्वल्पविराम घालून बसवलं. टूल खूश. दुसऱ्या दिवशी संपादकांचा शेरा आला: ‘भाषा कृत्रिम वाटते, ओघवती करा.’ ओघवती केली. लाल दिवा. चार फेऱ्या झाल्या आणि पाचव्या फेरीत माझं रेटिंग एका ताऱ्यानं घसरलं. तारा गेला की दर गेला, आणि हा कमी झालेला दर पुढच्या सगळ्या लेखांना. स्वल्पविराम महागात पडला.

*

गादीवाल्या भाऊंना साष्टांग नमस्कार. 😄

मी भाषांतर करते. पैसे ‘टार्गेट’च्या शब्दांवर, म्हणजे मी लिहिलेल्या मराठी शब्दांवर. ऐकायला गोड. ‘फ्रॉम द बिगिनिंग ऑफ द इयर’ हे सहा शब्द. ‘वर्षाच्या सुरुवातीपासून’ हे दोन. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि प्रत्येक चिकटलेल्या प्रत्ययाचे पैसे कापले जातात. हजार शब्दांचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे आठशेच्या आत येतो. जितकं चांगलं, आटोपशीर मराठी, तितकी कमी मजुरी. मग मी काय केलं? ‘करते’च्या जागी ‘करण्याचे कार्य करते’ लिहायला लागले. कुणी हरकत घेतली नाही. लाज वाटते सांगायला, पण सरकारी छापाचं ते मराठी मी स्वतः तयार केलंय. आता स्रोत मजकुराच्या शब्दांवर दर मिळाला तरच काम घेते. नवीन भाषांतरकारांनो, एवढं एक तरी ठरवून घ्या.

*

चाचणी लेख, विनामूल्य, आठशे शब्द. ‘निवड झाली नाही’ असं कळवलं. तीन आठवड्यांनी तोच लेख त्यांच्या साइटवर, नाव ‘संपादकीय चमू’. माझं स्पेलिंग चुकलेलंसुद्धा तसंच होतं, ओळखायला बरं पडलं.

*

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. मी शेरे मारणाऱ्यांपैकी होतो.

मलाही लेखामागेच पैसे होते. दिवसाला चाळीस लेख तपासले तर पोट भरायचं. लेखाला सात-आठ मिनिटं. एवढ्यात वाचून काय होणार? टूलचा रंग बघायचा आणि साचेबंद शेरा चिकटवायचा. ‘भाषा ओघवती करा’ हा शेरा माझ्याकडे कॉपी-पेस्टला तयार असायचा. (गादीवाले, तो मी नसेन अशी आशा आहे.) दुरुस्त्यांचं गणित तर आणखी साधं. गिऱ्हाइकाला सांगितलेलं असायचं की बदल कितीही वेळा, मोफत. फुकट म्हटल्यावर कोण सोडतो? तो ‘जरा वेगळं काहीतरी हवंय’ म्हणायचा, विक्रीवाला हो म्हणायचा, मी पुढे ढकलायचो, आणि लेखक रात्री बसून फुकट लिहायचा. पूर्ण साखळीत त्या ‘मोफत’ची किंमत एकच माणूस भरायचा.

एकदा चुकून गिऱ्हाइकाचं बिल मेलला जोडून आलं. लेखकाचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षा कमी होता, माझा त्याहूनही कमी. मी दोन महिन्यांनी सोडलं. दोन महिने का थांबलो? पैसे साठ दिवसांनी यायचे. सोडून गेलेल्याचं बिल ‘प्रक्रियेत’ राहतं हे मी जवळून पाहिलं होतं.

*

हे नवीन नाही, म्हणून थोडं जुनं सांगतो. अमेरिकेत 2009 च्या सुमारास डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात ते बघून त्यावरून मथळे तयार करायची आणि लेखकाला लेखामागे 15 डॉलरच्या आसपास द्यायची. लेखांच्या नुसत्या जिलब्या. जानेवारी 2011 मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात आली आणि पुढच्याच महिन्यात गूगलनं ‘पांडा’ बदल आणून असल्या पातळ मजकुराला खाली ढकललं. याहू कंपनीनं 2010 मध्ये असोसिएटेड कंटेंट ही तसलीच साइट विकत घेतली होती, ते दुकान 2014 मध्ये बंद. आम्हाला तेव्हा वाटलं, चला, दर्जाला भाव आला. प्रत्यक्षात शब्दसंख्या पाचशेची पंधराशे झाली, ‘सखोल लेख हवेत’ म्हणून. शब्दाचा दर तोच, संशोधन तिप्पट.

कायद्याचं म्हणाल तर न्यूयॉर्क शहरात 2017 पासून एक बरा नियम आहे: 800 डॉलर किंवा जास्तीचं काम असेल तर लेखी करार हवा, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यावर 30 दिवसांत पैसे. त्याच गिऱ्हाइकाची मागच्या 120 दिवसांतली छोटी कामं एकत्र धरता येतात. आमच्यासारख्या फुटकळ लेखवाल्यांना कामाचं कलम ते शेवटचंच.

*

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतरचं कुणीच लिहिलं नाही? माझा दर निम्मा झाला. कारण: ‘मजकूर आम्ही देतो, तुम्ही फक्त माणसाळवा.’ माणसाळवायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक माहिती खरी आहे का ते तपासावं लागतं आणि तपासणीचे शब्द कुणी मोजत नाही.

मग उलटं झालं. मी संपूर्ण स्वतः लिहिलेला लेख ‘एआयचा आहे’ म्हणून परत. मी डॉक्युमेंटची हिस्टरी पाठवली, एकेक खोडलेला शब्द दिसतो त्यात. उत्तर दोन शब्दांचं: ‘टूल म्हणतंय.’ चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच एआयचा मजकूर ओळखणारं आपलं टूल जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं, तेही कळवलं. त्याला उत्तरच नाही. पुढच्या लेखात मी मुद्दाम दोन अशुद्ध शब्द आणि एक अर्धवट वाक्य ठेवलं. पास.

*

मी वेगळा सूर लावतो. मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा काम यांनीच दिलं. वेळेत लिहायची शिस्त लागली ती तिथेच. अन्याय झाला का? झाला. पण पहिलं वर्ष मी ते शिकवणीची फी समजून चाललो. चूक एवढीच झाली की फी चार वर्षं भरत राहिलो.

*

धागा वाचत असतानाच व्हॉट्सअॅपवर निरोप आला: ‘तुमची शैली आवडली. हजार शब्दांचा छोटासा ट्रायल लेख पाठवाल का? उद्यापर्यंत.’ एरवी लगेच ‘हो’ लिहिलं असतं. आज लिहिलं, ‘ट्रायलचे पैसे किती?’

दोन निळ्या टिका आल्यात. वीस मिनिटं झाली.